टिंबाला सगळं चालतं

...आणि टिंबाला म्हणे सगळं चालतं! नाही, तुम्हीच सांगा, एखाद्याबद्दल कुणी छातीठोकपणे म्हणालं की ह्याला सगळं चालतं, तर आपण काय समजायचं? सगळं चालतं, असंच ना? 'क' चालतो, 'ज्ञ' चालतो, आकडा चालतो, स्वल्पविराम चालतो, दोन शब्दांमधली मोकळी जागा, जिथं काही म्हणजे काही नाही, तीसुद्धा चालते. आणि ओळ संपली की? थांबलं! दारात चपला शोधणाऱ्या पाहुण्यासारखं जागच्या जागी उभं! पुढची ओळ समोर आहे, दिसतेय, वाट बघतेय... पण नाही. टिंबाला सगळं चालतं, फक्त ओळ संपली की ते थांबतं. हे मला कुणी आधी सांगितलं का? सांगितलं असेल. पुस्तकात असेल. माझंच वाचायचं राहिलं असेल. माझंच काहीतरी चुकत असेल हे मी आत्ताच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल.

तुम्हाला सांगतो, मी तर्कशास्त्र शिकवायचो. एकतीस वर्षं. दोन विषयांत एम.ए., एकात पीएच.डी. हे मिरवायला सांगत नाही हो, उलट शरमेनं सांगतोय, कारण ह्या वयात, शहात्तराव्या वर्षी, मी एका टिंबापुढं हात टेकून बसलो होतो, आणि तेसुद्धा कुणासाठी? तर बायकोच्या स्वप्नांसाठी.

थांबा, उलटं सुरू झालं. स्वप्नांपासून सांगतो.

माझ्या बायकोला स्वप्नं पडतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय, आम्हालाही पडतात. नाही, तशी नाही. तुम्हाला-मला काय पडतं? परीक्षा आहे आणि पेन नाही. झालं. हिला पडतात ती... काय सांगू... कपाट उघडलं तर आत समुद्र, पण आवाज शाळेच्या मधल्या सुट्टीचा. हरवलेल्या छत्र्या एका टेबलाभोवती बसल्यात आणि आपापल्या मालकांबद्दल बोलतायत. हिची आई, पंचविशीतली, आमच्या लेकीला थोपटतेय, आणि ही दोघींकडं बघत खिडकीबाहेर तरंगतेय, हातात दुधाचं पातेलं, आणि चिंता कसली, तर पातेलं हिंदकळेल म्हणून! अशी. रोज. सकाळी चहा गाळता गाळता सांगायला लागते आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणीसुद्धा हळू गळायला लागतं.

आणि मी ती टाइप करायचो. चौतीस वर्षं! मला त्यावर ग्रंथ लिहायचा होता, 'स्वप्नांचं तर्कशास्त्र'. त्याची प्रस्तावना मी चौदा वेळा लिहिली. ग्रंथ... असो. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे जुने कागद पुन्हा बसून त्यात उतरवले, आणि सगळं एकाच फाइलमध्ये. एकच फाइल! त्यात स्वप्नं, त्यातच माझ्या व्याख्यानांची टिपणं, त्यातच नळवाल्याला लिहिलेली पत्रं, लेकीच्या बुटांची मापं, डॉक्टरांनी सांगितलेली पथ्यं. म्हटलं, आयुष्य एक आहे, फाइल कशाला दोन?

पण शिस्त होती हं. प्रत्येक स्वप्न सुरू होताना मी लिहायचो, 'स्वप्न असं', आणि संपलं की 'जाग आली'. ह्या दोन खुणांच्या मध्ये जे काही, ते स्वप्न. तर्कशुद्ध. मला त्याचा अभिमान होता.

तर एक दिवस सकाळी ही सांगतेय, आणि मी आपला टाइप करतोय, टकटक टकटक, आणि ही मध्येच थांबली.

"काय म्हणाले मी?"

"लिफ्ट होती."

"पुढं?"

"पुढं... लिफ्ट वर गेली."

"आडवी गेली."

"हो, हो, आडवी. तेच."

"आत कोण होतं?"

आता काय सांगणार! मी पडद्याकडं बघतोय. पडद्यावर, 'लिफ्ट होती', आणि पुढं... तुम्हाला माहितेय, हात चालू असतात, माणूस चालू असतोच असं नाही.

ही डोळे तपासायची. दवाखान्यात, पस्तीस वर्षं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर एक भलंमोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. हिचा आवाज अजून तसाच आहे, शांत, अंधाऱ्या खोलीत बोलायचा. त्या आवाजात म्हणाली, "अहो, वरची ओळ सगळ्यांनाच दिसते. मी आयुष्यभर लोकांना खालची ओळ वाचायला लावली, आणि घरातला माणूस वरच्या ओळीवर 'बरं, बरं' करून मोकळा होतो."

"असं कसं, सगळं आहे की फाइलमध्ये!"

"आहे?" कप खाली ठेवला तिनं. "मग ते घर शोधून द्या. सारखं यायचं ते. एकातून एक खोल्या, कोमट पाणी घोट्यापर्यंत, आणि शेवटची खोली. त्या शेवटच्या खोलीत कुणीतरी असायचं. सहा वर्षं झाली, ते घर आता येत नाही, आणि आत कोण असायचं ते मला आठवत नाही. मी आठवून ठेवलंच नाही. म्हटलं, हे लिहून ठेवतायत ना." आणि मग उठता उठता म्हणाली, "सापडलं की सांगा. तोवर मी काही सांगायची नाही."

आणि खरंच बंद! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा. नुसता चहा! "काही पडलं का गं रात्री?" "पडलं." बास. त्या 'पडलं'च्या मागं काय काय तरंगत असेल, आणि मला काय, तर बिस्किटाचा पुडा. आणि मला काळजी लागली. एक स्वप्न न सांगता गेलं तर ते जातं कुठं? बहात्तरीला आलेली बाई, आठवण आधीच गळतेय... तीन आठवडे असेच गेले, म्हणजे एकवीस स्वप्नं गेली ना! कोण भरून देणार?

फाइल उघडली. शोधायला लागलो. हातानं? अहो, छापली तर चार हजार पानं! तेव्हा मेहुणीला फोन लावला. धाकटी. हिची बहीण, जन्मभर कॉम्प्युटरवर काम करून निवृत्त झालेली, आणि मला भावोजी म्हणते ते अशा सुरात, की परीक्षेचा निकालच वाचून दाखवतेय.

"सोपं आहे भावोजी. पायथन म्हणून कॉम्प्युटरची भाषा आहे, तिच्यात चार ओळी लिहा. नमुना द्यायचा, जुळेल ते काढून घ्यायचं. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. चांदणी म्हणजे ते कितीही वेळा. 'स्वप्न असं', टिंब, चांदणी, 'जाग आली'. झालं!"

टिंब आणि चांदणी! मला तर तिथंच भरून आलं. म्हटलं, चौतीस वर्षांची स्वप्नं पकडायला जगात ह्याच्याइतकं योग्य जाळं नाही. भाषेचं नाव सापाचं असलं तरी स्वभाव कारकुनाचा, सांगाल तेवढंच करते. मी दोन दिवस पुस्तक वाचलं, चष्मा बदलला, चार ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं.

शून्य.

एकही स्वप्न नाही! म्हटलं, चौतीस वर्षांत मी काहीच टाइप केलं नाही की काय? का सगळं मलाच स्वप्नात...? फोन.

"भावोजी, फाइल वाचताय कशी?"

"एकेक शब्द. पुस्तकात तसंच दिलंय. नीट, क्रमानं."

"म्हणजे एकेक शब्द त्याच्या हातात देऊन विचारताय, ह्यात अख्खं स्वप्न आहे का? नाही म्हणतो तो. पुढचा शब्द, ह्यात आहे का? नाही. त्याचं काय चुकलं? भिंतीतली एकेक वीट दाखवून विचारताय, हे घर आहे का? तर्कशास्त्र शिकवायचात ना तुम्ही?"

शिकवायचो. माझंच चुकलं. अख्खी फाइल एका दमात वाचायला लावली. बटण. अकरा! अकरा स्वप्नं सापडली! मी अक्षरशः खुर्चीतून उठलो आणि परत बसून वाचायला लागलो. पहिलं: 'स्वप्न असं. काही आठवत नाही. जाग आली.' दुसरं: 'स्वप्न असं. आज नाही पडलं. जाग आली.' तिसरं, 'स्वप्न असं. विचारू नका म्हणाली. जाग आली.' अकराच्या अकरा तशी! ज्यात काहीच नाही तेवढीच सापडली! का? कारण ती एका ओळीत मावली होती! टिंबाला सगळं चालतं, फक्त ओळ संपली की ते थांबतं!

मी वाद घातला हो. कॉम्प्युटरशी, मोठ्यानं, दुपारच्या वेळी. म्हटलं, टिंबात प्रत्येक अक्षर मावतं. ओळ जिथं बदलते तिथंही एक अक्षरच असतं, न दिसणारं. म्हणून तेही टिंबात मावलं पाहिजे. ह्यात चूक दाखव! एकतीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं! आतून ही म्हणाली, "कुणाशी बोलताय?" म्हटलं, "कुणाशी नाही." आणि खरंच, कुणाशीच नाही.

धाकटीला फाइलचा तुकडा पाठवला. पाच मिनिटांत फोन. "भावोजी, तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारता?"

"मग?"

"का पण? वाक्य अर्धं, शब्द अर्धा, आणि एंटर. पुन्हा अर्धं वाक्य, एंटर. ओळ आपली आपण खाली येते भावोजी! तीस वर्षं झाली यायला लागून!"

आता हे कसं समजावू? मी टाइप शिकलो ते टाइपरायटरच्या यंत्रावर. त्याला ओळीच्या शेवटी घंटी असायची. टिंग! घंटी वाजली की डावा हात उचलायचा, दांडा सरकवायचा, खर्रर्र, नवी ओळ. ते यंत्र माळ्यावर गेलं, माळा लेकीनं आवरला, यंत्र कुठं गेलं ठाऊक नाही. पण घंटी? घंटी इथं आहे, इथं, कानामागं. साठ अक्षरं झाली की अजून वाजते. मी काय करू? वाजली की मारतो एंटर.

धाकटी म्हणाली, "ताई म्हणते ते खरंय. बोलता बोलता मध्येच तुमची घंटी वाजते."

बरं. पुस्तकात शोधलं. तिथं एक सोय सापडली. नाव काय, तर मल्टिलाइन! म्हणजे अनेक ओळी! मी म्हटलं, सापडलं, हेच ते, माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवलंय. लावलं. बटण दाबलं. किती यावीत?

अकरा.

तीच! 'काही आठवत नाही' पासून 'विचारू नका म्हणाली' पर्यंत! नाव मल्टिलाइन आणि एक ओळ ओलांडायची हिंमत नाही! मी फोनवर जरा चढलोच. धाकटी शांत. "भावोजी, त्याचं काम वेगळं आहे. पुढं लागेल ते, शिव्या देऊ नका. तुमच्या टिंबाला ओळ ओलांडायला लावणारी सोय दुसरी. डॉटऑल. म्हणजे टिंबाला खरंच सगळं चालेल."

"खरंच सगळं? ओळीसकट?"

"सगळं. जपून."

जपून का म्हणाली ते तेव्हा कळलं नाही. लावलं. बटण दाबलं.

एक.

एकच स्वप्न. मी म्हटलं, अकरा होती ती तरी बरी! पण हे एक बघायला गेलो, तर... संपेना. पहिलं 'स्वप्न असं', चौतीस वर्षांपूर्वीचं, तिथून सुरू झालं ते थेट शेवटच्या 'जाग आली'पर्यंत, तीन आठवड्यांपूर्वीच्या सकाळपर्यंत, मधलं सगळं पोटात घेऊन! चांदणी हावरी असते म्हणे. जितकं मिळेल तितकं खाते.

आणि तुम्हाला सांगतो, मी ते वाचत बसलो. कुणाला सांगू नका, पण दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. कपाटातला समुद्र सरळ नळवाल्याच्या पत्रात वाहत आला, 'महोदय, आमच्याकडे आठ दिवस पाणी नाही.' तिथून छत्र्या उठल्या आणि माझ्या वर्गात येऊन बसल्या, आणि मी फळ्यावर लिहितोय, 'सर्व माणसं मर्त्य आहेत', आणि एक छत्री हात वर करते. लेकीचे बूट, तेरा नंबर, चौदा नंबर, पंधरा, पाण्यावरून एकामागून एक चालत गेले आणि मोठे होत होत दिसेनासे झाले. मध्येच डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, आणि समुद्र आणखी थोडा मागं गेला... खिडकीत दुपार कलली होती, पडदा हलत होता, ही पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि मला कळेना, ह्यातलं कुठलं तिनं झोपेत पाहिलं आणि कुठलं आम्ही जागेपणी केलं. एकच 'स्वप्न असं' आणि अगदी शेवटी एकच 'जाग आली'. मला वाटलं, हेच उत्तर बरोबर असेल तर? यंत्रालाच खरं कळलं असेल तर?

पण बायकोला काय सांगायचं? "सापडलं गं. एक आहे. चौतीस वर्षांचं." ती म्हणाली असती, "आणि शेवटच्या खोलीत कोण?"

पुन्हा फोन. "धाकटे, ह्या चांदणीचा हावरेपणा कसा कमी करायचा?"

"चांदणीपुढं प्रश्नचिन्ह लावा."

"एवढंच?"

"एवढंच. मग ती जरुरीपुरतंच घेते. पहिली 'जाग आली' दिसली की थांबते."

मी जन्मभर काय केलं? प्रत्येक गोष्टीपुढं प्रश्नचिन्ह लावलं! लग्न ठरलं, प्रश्नचिन्ह. नोकरी लागली, प्रश्नचिन्ह. आता कुठं त्याचा कुणाला तरी उपयोग होणार होता! लावलं. आणि आली! नऊ हजार सहाशे सात! सुटी सुटी, वेगळी वेगळी! मी 'शेवटची खोली' शोधली, आणि... काही नाही. घर होतं. पहिली खोली होती, दुसरी होती, कोमट पाणी होतं, आणि मग लिहिलेलं, 'मग मला जाग आली', आणि खलास. दुसरं उघडलं. पाणी, दिवे, 'मग मला जाग आली', खलास. सगळी तशी.

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात ही मधल्या एका खोलीत झोपते! झोपते, आणि तिला जाग येते, पण ती जाग स्वप्नातच! आणि मग उठून पुढच्या खोलीत जाते! आणि ही आमची प्रश्नचिन्हवाली चांदणी, पहिली जाग दिसली की, "झालं, संपलं, चला!" तिला कसं कळावं, हिची कुठली जाग खरी आणि कुठली खोटी? मला तरी कुठं कळत होतं?

"ओळखायची कशी ते सांगा," धाकटी म्हणाली. "खरी जाग कशी लिहायचात?"

"वेगळ्या ओळीवर. एकटी."

"मग तेच सांगा की त्याला! ओळीच्या सुरुवातीसाठी टोपीचं चिन्ह, शेवटासाठी डॉलरचं, मध्ये नुसती 'जाग आली'. आणि हो, आता लावा ते मल्टिलाइन. टोपीला आणि डॉलरला प्रत्येक ओळीची सुरुवात आणि शेवट त्याच्याशिवाय दिसत नाही. शिव्या दिल्या होत्यात ना त्याला?"

दिल्या होत्या. मनातल्या मनात माफी मागितली. लावलं. टिंब, चांदणी, प्रश्नचिन्ह, टोपी, डॉलर, सगळी वरात. दाबलं.

आली हो. अख्खी. अकरा ठिकाणी दोन दोन स्वप्नं चिकटली होती, ती त्या एका ओळीतल्या रिकाम्या स्वप्नांमुळं, त्यांची जाग वेगळ्या ओळीवर नव्हती ना, ती मी हातानं सोडवली. बाकी सगळी सबंध, ओळींमागून ओळी, खोटी जाग ओलांडून खऱ्या 'जाग आली'पर्यंत. त्यात शेवटची खोली शोधली. त्रेसष्ट! त्रेसष्ट वेळा ती त्या दारापर्यंत गेली होती! मी हिला हाक मारणार होतो. मग म्हटलं, थांब, आधी आपण वाचू. शंकेखोर स्वभाव, काय करणार. वाचलं.

'शेवटच्या खोलीचं दार उघडलं, आणि आत वगैरे वगैरे.

जाग आली'

पुढचं. 'दार हळूच ढकललं, तर समोर वगैरे.' त्याच्या पुढचं. 'आत कुणीतरी, वगैरे, वगैरे.' त्रेसष्टच्या त्रेसष्ट! नमुना बरोबर होता. टिंब शेवटपर्यंत गेलं होतं, एकही ओळ न चुकता. दारापाशी थांबलो होतो तो मी. प्रत्येक वेळी. चौतीस वर्षं.

तुम्हाला सांगतो, मला टिंबाची माफी मागावीशी वाटली.

हिला सांगणं भाग होतं. गेलो. ही खिडकीपाशी चष्मा पुसत बसली होती. म्हटलं, "घर सापडलं."

"आणि खोली?"

"खोलीपण."

"आत कोण?"

मी सांगितलं. 'वगैरे' हा शब्द मोठ्यानं म्हणून बघा कधीतरी, बायकोच्या तोंडावर, त्रेसष्ट वेळांच्या हिशेबानं. मला वाटलं चिडेल. रडेल. ती चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही ऐकलं नाही आणि मी विसरले. आत जे कुणी आहे ते बिचारं एकटंच बसलंय की मग."

हे ऐकून मला काय झालं म्हणून सांगू! मी म्हटलं, "चिड तरी!" तर म्हणते, "कशाला? चहा घेता?"

पुढं आठ-दहा दिवस तसेच. मी फाइल उघडली नाही. सकाळी समोर जाऊन बसायचो, हात मांडीवर, शाळेतल्यासारखे. ती काही सांगायची नाही, मी काही विचारायचो नाही. नळ गळायचा. आणि परवा, परवाच, चहा गाळता गाळता तिची गाळणी वरच्या वर थांबली.

"आज आलं होतं," ती म्हणाली.

मी खुर्ची पुढं ओढली.

आणि ती सांगत गेली. कोमट पाणी. पाण्याखाली दिवे, पावलं पडली की बाजूला होणारे. पहिल्या खोलीत धुतलेल्या चादरी, छतापासून वाळत घातलेल्या, त्यांच्यातून वाट. दुसरीत हिच्या दवाखान्यातला तक्ता, पण अक्षरांच्या जागी आमच्या लेकीची बाळपणापासूनची पावलं, खाली खाली मोठी होत जाणारी. तिसरीत ती झोपली, तिला जाग आली... मी हललो नाही हं! मला आता माहीत होतं, ही खोटी!... उठली, पुढं गेली. चहा निवला. मी ऐकत होतो, देवाशपथ ऐकत होतो. शेवटची खोली. दार. हात दारावर. आणि...

टिंग!

कानामागं! साठ अक्षरं झाली असतील, सहाशे झाली असतील, मला काय माहीत! माझा डावा हात आपोआप उठला. हवेत. दांडा सरकवायला. टेबलावर ना यंत्र ना काही, आणि माझा हात हवेत! ती थांबली. हाताकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. म्हटलं, संपलं, आता पुन्हा चौतीस वर्षं.

तिनं माझा हात धरला, खाली आणला, टेबलावर ठेवला, वर आपला हात ठेवला, आणि तिच्या त्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "हं. खालची ओळ."

आणि दार उघडलं.

"आत टेबल होतं. खिडकीतून उजेड येत होता. आणि पाठमोरे तुम्ही. त्या जुन्या यंत्रावर टाइप करत. मी म्हटलं, अहो. तर तुम्ही मागं न बघता म्हणालात, थांब गं, एवढी ओळ संपू दे."

"मग?"

"मग काय? थांबले दारात. पाण्यात पाय."

"आणि ओळ? संपली का ओळ?"

"तेवढ्यात जाग आली." तिनं निवलेल्या चहाचा घोट घेतला. "खरी. एकटी, वेगळ्या ओळीवर." आणि हसली हो! मग कप विसळता विसळता म्हणाली, "पुन्हा येईल बहुतेक. तुम्ही तेवढी ती ओळ संपवा."

आता मला सांगा, तिच्या स्वप्नातली ओळ मी कशी संपवू? कुठली खूण लावू? कुठली टोपी, कुठला डॉलर? धाकटीला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि शेवटी म्हणाली, "भावोजी, जन्मभर नको तिथं मारत आलात. आता तिथं एकदा मारा ना एंटर."

तिला काय जातंय सांगायला! पुस्तकं बघितली, ह्यावर कुणी काही लिहिलेलं नाही. टिंबाला सगळं चालतं, तेही बिचारं ह्यापुढं जात नाही. माझंच काहीतरी चुकत असेल... पण परवापासून झोपताना मी डावा हात पांघरुणाबाहेर ठेवतो. थंडी वाजते. वाजू दे. घंटी वाजली आणि हातच आत अडकलेला असला, तर तिनं किती वेळ उभं राहायचं पाण्यात?